लिनक्स सुरू होतानाच सर्व्हिसचे प्राधान्य कसे ठरवावे

डेटाबेस आणि रात्रीचा बॅकअप एकाच सर्व्हरवर असतील, तर बूट झाल्यावरची पहिली काही मिनिटे रखडण्याचा संभव असतो. बॅकअपच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू असेल आणि रात्री सर्व्हर बंद राहिला असेल, तर हुकलेला बॅकअप सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) बूट होताच सुरू करते, आणि मारियाडीबी हा डेटाबेस अजून सावरत असतानाच प्रोसेसर व डिस्कसाठी ओढाताण सुरू होते. दर वेळी हाताने 'रीनाइस' ही चालू प्रोसेसचे प्राधान्य बदलणारी कमांड चालवणे हा यावर उपाय नव्हे, कारण तो बदल त्या प्रोसेसबरोबरच संपतो.

मूळ युनिट फाइलला, म्हणजे सर्व्हिसची मांडणी लिहिलेल्या फाइलला, हात लावू नये. पॅकेज अपडेट होताना ती पुसली जाते. त्याऐवजी 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट बॅकअप.सर्व्हिस' ही कमांड द्यावी (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत, आणि पर्यायांच्या नावांतील लहान-मोठी अक्षरे काटेकोरपणे पाळून). उघडलेल्या एडिटरमध्ये चौकोनी कंसात 'सर्व्हिस' असे लिहून त्याखाली 'नाइस=15' आणि 'सीपीयूवेट=20' या ओळी लिहाव्यात.

या दोन ओळींतील फरक नीट समजून घ्यावा. नाइसचा आकडा उणे 20 ते 19 असतो आणि तो जितका मोठा, तितके प्राधान्य कमी. मात्र सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटात) ठेवते, आणि अशा गटांत प्रोसेसरचा वेळ वाटणारा सीपीयू कंट्रोलर चालू असेल तेव्हा नाइसचा प्रभाव त्या सीग्रुपच्या आतल्या प्रोसेसपुरताच उरतो. दोन सर्व्हिसमधली वाटणी तेव्हा सीपीयूवेट ठरवते. ते 1 ते 10000 असून मुळात 100 असते. म्हणजे डेटाबेस 100 वर आणि बॅकअप 20 वर असेल, तर दोघांनाही प्रोसेसर हवा असताना वाटणी पाचास एक अशी होते, आणि डेटाबेस निवांत असेल तर बॅकअपला मोकळा प्रोसेसर पूर्ण वापरता येतो. फक्त बूट व शटडाउनच्या काळापुरते वजन बदलायचे असेल, तर 'स्टार्टअपसीपीयूवेट' हा पर्याय आहे.

डिस्कसाठी 'आयओशेड्यूलिंगक्लास=आयडल' लिहिता येते, पण त्या डिस्कचा शेड्यूलर (वाचन-लेखनाच्या मागण्यांचा क्रम लावणारा भाग) 'नन' असेल, जसा एनव्हीएमई या वेगवान एसएसडी प्रकारावर बहुधा असतो, तर त्या ओळीचा काही उपयोग होत नाही; 'बीएफक्यू' हा शेड्यूलर असेल तर होतो.

डेटाबेसचा नाइस थेट उणे 20 करण्यापेक्षा बॅकअपला मागे ढकलणे केव्हाही बरे. सर्व्हिसला इतर साध्या प्रोसेसच्या पुढे ठेवणाऱ्या रिअल-टाइमच्या 'फिफो' धोरणाच्या वाटेला तर सहसा जाऊच नये, कारण अशी सर्व्हिस लूपमध्ये अडकली की एका कोअरचा जवळजवळ सगळा वेळ खाऊन बसते.

फाइल सेव्ह केल्यावर एडिट कमांड सिस्टिमडीला नवी मांडणी स्वतःच वाचायला लावते, परंतु नाइसचा बदल चालू प्रोसेसला लागू होत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. मग 'पीएस -ईओ पीआयडी,एनआय,कॉम' चालवून एनआयचा, म्हणजे नाइसचा, रकाना पाहावा. तिथे जुनाच आकडा दिसला, तर 'सिस्टिमसीटीएल कॅट बॅकअप.सर्व्हिस' मध्ये आपली ओव्हरराइड फाइल (एडिट कमांडने तयार झालेली) दिसते का, आणि नंतर वाचली जाणारी एखादी फाइल तीच ओळ पुन्हा लिहीत नाही ना, हे तपासावे.