लिनक्समध्ये डिस्क उघडत नाही किंवा रीड-ओन्ली झालीय? आधी हे बघा

एक्स्टर्नल हार्डडिस्क लावली आणि उबंटूत ती उघडतच नाही, किंवा उघडते पण फाईल टाकायला गेलं की 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' असा एरर येतो, अशा वेळी बरेच जण घाबरून थेट एफएससीके (fsck, फाईल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवतात नाहीतर फॉरमॅटच मारतात. प्लीज तसं करू नका. डिस्क स्वतः खराब होतेय की नुसती फाईल सिस्टिम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची रचना) बिघडलीय हे आधी कळायला हवं, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

टर्मिनल उघडा, सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने) लावून डीमेसेज (dmesg, सिस्टिमचे मेसेज दाखवणारी कमांड) चालवा, पुढे छोटा -डब्ल्यू द्या, आणि ते चालू असतानाच डिस्क काढून परत लावा. काहीच नवीन ओळ आली नाही तर केबल, पोर्ट किंवा हब बदलून बघा. माझ्या डिस्कला दर दोन-चार मिनिटांनी 'यूएसबी डिस्कनेक्ट' यायचं, मी दोन दिवस डिस्कलाच दोष देत बसलो आणि शेवटी केबल बदलल्यावर सगळं सुरळीत झालं.

डिस्क दिसली की एलएसबीएलके -एफ (lsblk -f) चालवा. नाव, फाईल सिस्टिम, लेबल सगळं कळतं. एसडीबी, एसडीसी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात म्हणून लेबल आणि यूयूआयडी (पार्टिशनचा वेगळा ओळख क्रमांक) बघूनच पुढची कमांड द्या, इथे चूक झाली तर भलत्याच डिस्कवर काम होतं.

डीमेसेजमध्ये 'आय/ओ एरर' (वाचता-लिहिताना आलेली चूक) दिसत असेल तर स्मार्टमनटूल्स (smartmontools, डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद म्हणजे 'स्मार्ट' वाचणारं पॅकेज) टाकून सुडो स्मार्टसीटीएल -ए (smartctl -a) आणि पुढे डिस्कचं नाव देऊन चालवा (यूएसबी डिस्कला कधीकधी -डी सॅट जोडावं लागतं). वर 'पास्ड' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळींचा शेवटचा आकडा बघा. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल तर काही सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) वाचता येत नाहीयेत, मग एफएससीकेला हात लावायचा नाही, आधी डीडीरेस्क्यूने (ddrescue, उबंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, gddrescue) दुसऱ्या मोठ्या डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, काढायची. सोबत मॅप फाईल (किती काम झालं याची नोंद) नक्की द्या, मध्येच लाईट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येतं. नुसता १९९ नंबरच्या ओळीचा आकडा वाढत असेल तर बहुतेक दोष केबलचाच.

स्मार्ट ठीक असेल तर पार्टिशन अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) मगच एफएससीके चालवा, माउंट असताना कधीच नाही. रूट पार्टिशन (ज्यावर उबंटू स्वतः आहे ते) असेल तर लाईव्ह यूएसबीवरून बूट करा. एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टिम) असेल तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळेही ती रीड-ओन्ली होते, विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा आणि पूर्ण शटडाऊन करा.

एफएससीकेनंतर फाईली गायब वाटल्या तर लॉस्ट+फाउंड फोल्डर बघा. आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाईली असतात, त्यांच्यावर 'फाईल' कमांड चालवली की कुठला फोटो आणि कुठली पीडीएफ ते कळतं.