बायोइन्फर्मेटिक्सचा श्रीगणेशा: एकच जनुक, हाताने वाचून

बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे संगणकाच्या मदतीने जनुकं आणि प्रथिनं वाचणं, शिकायचंय म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, प्रोग्रामिंगसाठी पायथन शिकू की आर? मी नागपूरला एमएस्सीच्या मुलांना शिकवते आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे. दोन्ही नंतर. आधी ब्राउझर उघडा, शेजारी चौकटींची वही ठेवा आणि एचबीबी हे एकच जनुक स्वतः वाचून काढा.

एचबीबी म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक. सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) होतो तो यातलं एक अक्षर बदलल्यामुळे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या भागातल्या कुठल्याही डॉक्टरला किंवा लॅब टेक्निशियनला ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (आजारी) हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच हे जनुक मी निवडते. आजार ओळखीचा, उत्तर आधीच माहीत, त्यामुळे संगणकाने दाखवलेली प्रत्येक गोष्ट ताडून बघता येते. ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही अशा डेटावर नवख्याने हात चालवला, तर बरोबर आलं की चूक हेच कळत नाही.

सुरुवात जनुकांची माहिती साठवणाऱ्या अमेरिकेच्या एनसीबीआय या संकेतस्थळावर. सगळं मोफत आहे, खातं उघडायची गरज नाही. ‘जीन’ विभागात इंग्रजीत एचबीबी टाका आणि यादीतून माणसाचं जनुक निवडा, कारण उंदरापासून माशांपर्यंत बऱ्याच प्राण्यांच्या नोंदी समोर येतात. पानावर दिसेल: गुणसूत्र ११, त्यावरची जागा म्हणजे पट्टा पी१५.४, तीन एक्सॉन (जनुकाचे एमआरएनएत टिकणारे तुकडे). खाली क्रमांकांची रांग असते. ‘एनएम’ने सुरू होणारा क्रमांक एमआरएनएचा (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघणारी प्रत), ‘एनपी’चा प्रथिनाचा, ‘एनसी’चा अख्ख्या गुणसूत्राचा. आपल्याला हवा एनएम_०००५१८. त्यानंतर टिंब देऊन येणारा आकडा आवृत्तीचा असतो. तोही वहीत उतरवा. तो न लिहिल्यामुळे पुढे दोघांचे निकाल जुळत नाहीत आणि दोष मात्र नमुन्याला दिला जातो.

आता ‘फास्टा’वर क्लिक करा. एका ओळीचं शीर्षक आणि खाली नुसती अक्षरं. एमआरएनए असूनही यू ऐवजी टी दिसेल. डेटाबेसची पद्धतच तशी आहे. पहिली ५० अक्षरं प्रथिनात उतरत नाहीत. त्यांच्या लगेच पुढे जे एटीजी येतं, तिथून वाचायला लागा आणि तीन-तीन अक्षरं पेनाने वहीत लिहा:

एटीजी – जीटीजी – सीएटी – सीटीजी – एसीटी – सीसीटी – जीएजी – जीएजी

प्रत्येक त्रिकूट प्रथिनातलं एक अमिनो आम्ल ठरवतं. सातवा त्रिकूट बघा, जीएजी. म्हणजे ग्लुटामिक आम्ल. त्याच्या मधल्या एच्या जागी टी आला की जीटीजी होतं, म्हणजे व्हॅलिन. सिकलसेल हाच. एटीजीच्या एपासून मोजलं तर हे विसावं अक्षर, म्हणून आजच्या रिपोर्टात ते ‘सी.२०ए>टी’ असं लिहिलेलं असतं. हे मोजणं मी कुणालाही टाळू देत नाही. ज्याने ते विसावं अक्षर स्वतः गाठलंय, त्याला पुढचा कुठलाही व्हेरियंट (जनुकातल्या बदलाचा) रिपोर्ट वाचताना भीती वाटत नाही.

इथेच पहिला गोंधळ होतो. पुस्तकात ‘ग्लु६व्हॅल’ (सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन) असतं, क्लिनव्हार या आजारांशी जोडलेल्या बदलांच्या डेटाबेसमध्ये ‘ग्लु७व्हॅल’. दोन्ही एकच. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजला हा बदल शोधला तो रक्तातल्या तयार प्रथिनात, आणि तयार प्रथिनात एटीजीमुळे येणारं पहिलं मेथिओनिन कापलं गेलेलं असतं. संगणक जनुकापासून मोजतो, म्हणून त्याचा आकडा एकाने जास्त. समुपदेशनाला आलेल्या जोडप्यापैकी एकाच्या रिपोर्टवर ६ आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर ७ असेल, तर ते दोन वेगळे बदल समजायचे नाहीत. याच त्रिकुटात आणखी एक बदल होतो हेही लक्षात ठेवा: पहिल्या जीचा ए झाला तर लायसिन येतं आणि हिमोग्लोबिन सी तयार होतं. त्यामुळे नुसता क्रमांक वाचून थांबू नका, अक्षर कुठलं आलं तेही बघा.

दुसरा गोंधळ याहून वाईट. डीबीएसएनपी या एकेका अक्षराच्या बदलांच्या डेटाबेसमध्ये हा बदल ‘आरएस३३४’ या नावाने आहे. तो उघडलात तर जिनोमवर टी>ए लिहिलेलं दिसेल, आणि आपण तर आत्ताच ए>टी मोजलं! डीएनएला दोन पट्ट्या असतात. एचबीबी गुणसूत्राच्या उलट पट्टीवर वाचलं जातं, तर जिनोमचे आकडे सुलट पट्टीवरून दिले जातात. एची जोडी टी, टीची जोडी ए. त्यात जागेचा आकडाही जिनोमच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो: जीआरसीएच३८ मध्ये ५२२७००२, जुन्या जीआरसीएच३७ मध्ये ५२४८२३२. कुठलाही निकाल हातात आला की तीन गोष्टी विचारायच्या: मोजणी कुठून, पट्टी कुठली, आवृत्ती कोणती. माझ्या वर्गात हे फळ्यावर कायम लिहिलेलं असतं.

मग ब्लास्ट, म्हणजे आपल्या क्रमासारखे क्रम डेटाबेसमध्ये शोधणारं एनसीबीआयचं साधन. प्रथिनाचा क्रम ‘ब्लास्ट-पी’मध्ये टाका. चिंपांझीची बीटा साखळी आपल्याशी तंतोतंत जुळते, ते बघताना मुलं हरखतात. शोध फक्त माणसापुरता ठेवलात तर थोडं खाली डेल्टा साखळी येते, १४६ पैकी १० जागी वेगळी. हीच डेल्टा साखळी एचबीए२ या हिमोग्लोबिनमध्ये असते, जे थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक शोधताना एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या यंत्रावर मोजतात. निकालातली टक्केवारी एकटी वाचू नका. जुळणी किती लांबीवर झाली आणि ई-व्हॅल्यू (अशी जुळणी नुसत्या योगायोगाने किती वेळा येईल त्याचा अंदाज) किती, हे सोबत बघावंच लागतं. पाच-सहा अक्षरांची शंभर टक्के जुळणी योगायोगानेही येऊ शकते.

संगणकावरचं प्रयोगशाळेत कसं उतरतं तेही याच जागी दिसतं. डीडीई-१ नावाचं एन्झाइम सीटी-एनएजी हा क्रम ओळखून डीएनए कापतं. एनच्या जागी कुठलंही अक्षर चालतं. वहीतल्या सीसीटी-जीएजीमध्ये सीटीजीएजी आहे, म्हणजे इथे काप बसतो. सिकलसेलमध्ये ते सीटीजीटीजी होतं आणि काप चुकतो. पीसीआर करून (डीएनएच्या या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून), एन्झाइमने कापून जेलवर चालवलं की एए (निरोगी), एएस, एसएस असे पट्टे वेगळे दिसतात.

आता या पद्धतीची मर्यादा, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा बदल आहे ‘आयव्हीएस१-५ जी>सी’, नव्या लिखाणात ‘सी.९२+५जी>सी’. पहिला एक्सॉन ९२ व्या अक्षराला संपतो आणि पुढच्या इंट्रॉनमधलं (दोन एक्सॉनांमधला, एमआरएनए बनताना कापून टाकला जाणारा भाग) पाचवं अक्षर बदलतं. एनएमच्या क्रमात ते अक्षर शोधून सापडणारच नाही, कारण इंट्रॉन तिथे नसतोच. प्रथिनांची तुलना करत बसलात तर सगळं ठीक आहे असंच वाटेल, आणि मूल मात्र दर महिन्याला रक्त चढवायला येत असेल. त्यासाठी जनुकाचा जिनोमिक क्रम उघडा आणि एक्सॉन संपतो तिथून जी-टी-टी-जी-जी असं मोजा. पाचव्या जागेवरचा जी सापडला की थांबा.

रुग्णांचे क्रम हाताळायची वेळ आली की फास्टाच्या शीर्षकात नाव, गाव, ओपीडी नंबर लिहायचा नाही. कोड लिहायचा आणि त्याची किल्ली वेगळी ठेवायची. छोट्या पाड्यावर एका घराचा निकाल फुटला तर मुलीच्या लग्नापर्यंत त्याची झळ पोचते.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ चं. तपासण्या वाढतील तसे रिपोर्ट समजून सांगणारे लोकही गावागावांत लागतील.

एवढं झालं की खुशाल पायथन घ्या. पहिला प्रोग्राम हाच लिहा: फास्टा फाइल वाचायची, एटीजी शोधायचं, विसावं अक्षर छापायचं. ए यायला हवा. दुसरं काही आलं, तर बहुतेक मोजणी शून्यापासून सुरू झाली असेल, कारण पायथन पहिल्या अक्षराला शून्य म्हणतं. वही उघडा आणि ताडून बघा.