सिम्युलेटरमधील विमानाचे थ्रस्ट (इंजिनाचा जोर) कितपत खरे आहे?

सिम्युलेटरमधील प्रवासी विमान अवास्तव वेगाने उसळी घेत असेल, तर इंजिनाला दोष देण्याआधी विमानाचे वजन तपासावे. रिकाम्या केबिनचे आणि थोड्याच इंधनाचे विमान प्रत्यक्षातही असेच झेपावते. त्यानंतर घड्याळ लावून थ्रॉटल (जोर कमी-जास्त करणारा दांडा) आयडलवरून, म्हणजे किमान जोरावरून, थेट पुढे ढकलावा. खऱ्या टर्बोफॅनचे (प्रवासी विमानाच्या जेट इंजिनाचे) फिरते भाग जड असल्याने सुरुवातीला त्यांचा फिरण्याचा वेग रेंगाळत वाढतो आणि मग झपाट्याने चढतो. प्रमाणन नियमांनुसार इंजिनाने उड्डाणातील आयडलवरून टेकऑफ थ्रस्टच्या ९५ टक्क्यांपर्यंत ५ सेकंदांत पोहोचावे लागते. त्यामुळे एका सेकंदात पूर्ण जोर मिळत असेल, तर ते मॉडेल फसवे समजावे. जमिनीवरील आयडलवरून दोन्ही इंजिने सारख्याच गतीने चढतील याचीही खात्री नसते, म्हणून बोईंग ७३७ वर आधी सुमारे ४० टक्के एन-१ वर (एन-१ म्हणजे इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग) ती स्थिरावू देतात, आणि हीच सवय सिम्युलेटरमध्येही लावून घ्यावी. पंखांखाली इंजिने असलेल्या विमानाचे नाक थ्रस्ट वाढवताच वर उचलले जाते. गो-अराउंड करताना, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढताना, हा परिणाम जाणवलाच नाही, तर हाताळणीचे प्रारूप कच्चे आहे, मग कॉकपिट कितीही देखणे असो.