नाशिकची शिराझ की अकलूजची? घरी चाखून कसं ठरवायचं

दोन रेड वाइन, किंमत पन्नास रुपये इकडं-तिकडं, एक नाशिकची एक अकलूजची, आणि कुठली घ्यावी कळत नाही, असं कोल्हापुरात बऱ्याच जणांचं होतंय. लेबलवरचं वर्णन वाचून काही हाती लागत नाही. दोन्ही आणा आणि एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून चाखा. फरक फक्त गावाचा राहिला पाहिजे, बाकी सगळं सारखं.

म्हणून द्राक्ष एकच घ्यायचं. शिराझ घ्या, दोन्हीकडं होते. बाटलीवरचं साल शक्यतो तेच बघा. दोन्ही महाराष्ट्रातल्या घेतल्या की टॅक्सचा घोळ पण राहत नाही, कारण २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात राज्याने इथल्या वाइनला एक्साइजची सवलत दिली आणि बाहेरच्या बाटलीच्या किमतीत ड्युटीचा हिशोब वेगळा असतोय, मग सारखी किंमत म्हणजे सारखा माल असं धरता येत नाही. अजून एक, कंपनीच्या नावावरून गाव ठरवू नका. ग्रोव्हर झाम्पाचं काम कर्नाटकात नंदी हिल्सला पण आहे आणि नाशिककडं पण, त्यामुळे मागचं लेबल वाचा. आणि दुकानात उन्हात उभी असलेली बाटली घेऊच नका.

आता थंड करणं. रेड १६ ते १८ डिग्रीला चांगली लागते, पण एप्रिल-मेमध्ये आपल्या खोलीत बाटली ३० च्या पुढं जाते आणि तशीच ओतली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. तास-दीड तास दोन्ही एकत्र फ्रीजमध्ये. मग घरातल्या कुणालातरी सांगा, बाटल्या पेपरमध्ये गुंडाळून १ आणि २ लिहा, तुम्ही बघायचं नाही. ग्लास सारखे, ओतायचं थोडंच, ५०-६० मिली.

आधी वास. इथं माझी एक खात्रीची पद्धत आहे, शेजारी दोन काळी मिरी ठेचून ठेवा. शिराझमधला मिरीसारखा वास रोटंडोन नावाच्या घटकाचा असतो, तोच खऱ्या मिरीत पण असतोय, आणि थंड हवेत पिकलेल्या शिराझमध्ये तो जास्त मिळतो. मिरी हुंगा, मग ग्लास हुंगा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, अकलूज त्याहून खाली आणि जास्त गरम. आपल्याकडं द्राक्षाच्या वेलाची एप्रिलला खरड छाटणी (नवीन काडी यायला), सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळ धरायला) आणि जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे माल पिकताना रात्री किती गार होत्या यावर आंबटपणा टिकतो. गरम रात्रीत आंबटपणा उतरतो आणि फळ जॅमसारखं गोडसर वाटायला लागतं.

मग घोट. तोंडात फिरवून गिळा आणि दहा सेकंद गप्प बसा. जिभेच्या कडेला पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला. हिरड्या जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या तर ते टॅनिन, त्यात खरखरीत आहे की मऊ हे बघा. घशात जळजळ झाली तर अल्कोहोल वर आलंय.

चाखताना तिखट अजिबात नको. मी पहिल्यांदा तांबड्या रश्श्याबरोबर चाखली, दोन्ही कडूजार आणि जाळ लागल्या, दोन बाटल्या वाया गेल्या. तिखटावर अल्कोहोल अजून भडकतं आणि टॅनिन अजून तुरट होतं. साधा पाव आणि पाणी बास. निकाल कागदावर लिहून झाला की मग जेवणाबरोबर बघा, पांढऱ्या रश्श्यापासून सुरू करा. मला पांढऱ्याबरोबर ज्यात आंबटपणा जास्त ती आवडते, नारळाच्या दुधाचा जडपणा ती कापते.

उरलेल्या बाटल्या झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. आदल्या रात्री पुढं असलेली बऱ्याचदा सपाट होते आणि गप्प वाटलेली उघडते, म्हणून पेपर तोपर्यंत काढू नका.