पेठेचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

पुण्यातल्या आपल्या आळीचा किंवा वाड्याचा इतिहास शोधायला निघालेले अनेक जण रिकाम्या हाताने परत येतात आणि ‘कागदच नाहीत’ म्हणतात. कागद पुष्कळ असतात, पण आजच्या पत्त्याने ते सापडत नाहीत.

आजचंच नाव धरून बसणे

गुरुवार पेठ जुन्या कागदात वेताळ पेठ म्हणून येते, शुक्रवार विसापूर म्हणून, रविवार मलकापूर म्हणून. आजची महात्मा फुले पेठ म्हणजे गंज पेठ. म्हणून आधी जुन्या नावांची यादी करा, मगच अभिलेखागारात कागदांची मागणी नोंदवा. घराच्या नंबरांचंही तसंच आहे. मिळकत पत्रिकेवरचा (प्रॉपर्टी कार्डवरचा) सिटी सर्व्हे नंबर आणि जुना घर क्रमांक वेगवेगळे असतात, ते एक समजू नका.

साल चुकवणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन (तेव्हाच्या कारभारातली वर्षगणना) असतो आणि तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७६-७७ येतो. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे ५९९ की ६०० हे महिन्यावर ठरतं. ‘सबा’ आणि ‘सबैन’ यांत गल्लत झाली तर सगळाच हिशेब कोसळतो. फसली सनात (महसुलाच्या हिशेबाच्या वर्षात) मात्र ५९० किंवा ५९१ मिळवायचे. दोन्हींत नऊ वर्षांचा फरक, म्हणजे एका पेशव्याचा कागद दुसऱ्याच्या नावावर जायला पुरेसा. तारखेआधी ‘छ’ दिसला तर तो ‘चंद्र’चा संक्षेप, म्हणजे तारीख चांद्र आणि पुढचा महिना मुसलमानी.

छापील खंडांवर थांबणे

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या, निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. काम थोर आहे, पण ती निवड आहे. तुमच्या बोळातल्या भिंतीचा तंटा त्यात नसेल, तर तो कधी झालाच नाही असं ठरत नाही. पुणे पुराभिलेखागारात मूळ कागदांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दफ्तरं आहेत.

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून सारांश घेऊ नका, ओळीनुसार लिप्यंतर मागा. सारांशात शेजाऱ्यांची नावं गळतात आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात. फोटो काढायची परवानगी मिळाली तर रुमालाचा क्रमांक त्याच वेळी टिपून घ्या.

घरी कागद नाहीत म्हणून सोडून देणे

१२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांचे कागद गेले. अशा वेळी शेजाऱ्यांकडे विचारा. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचा वाडा, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्याची पडवी. तुमच्या पणजोबांचं नाव शेजारच्या घराच्या पश्चिमेला सापडू शकतं. त्या खतावर साल असतं, साक्षीदार असतात आणि बहुधा नोंदणी क्रमांकही असतो. तो क्रमांक घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात नकलेचा अर्ज करता येतो.