पॉम्पेईवर बोलायला जाण्याआधी

व्याख्यानमालेचं बोलावणं आलं की विषयाआधी वेळ विचारून घ्या. पत्रात तास लिहिलेला असतो. त्यातून दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ वजा केलं की हाती पस्तीस-चाळीस मिनिटं उरतात. तेवढ्यात 'ग्रीक आणि रोमन जग' मावत नाही. एक गाव धरा. मी पॉम्पेई धरतो, म्हणजे इटलीतलं ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन गाव, आणि निम्मा वेळ एकाच वस्तूभोवती घुटमळतो.

ती वस्तू म्हणजे १९३८ साली तिथल्या एका घरात सापडलेली हस्तिदंती बाई. घडली भारतात, आज असते नेपल्सच्या संग्रहालयात. उंची जेमतेम २४ सेंटीमीटर, पण पडद्यावर ती माणसाएवढी दिसते आणि लोक फसतात. म्हणून पुठ्ठ्याची बरोबर तेवढी पट्टी कापून पिशवीत टाका. "एवढी" म्हणून हातात धरली की मागच्या रांगेतल्या माना वर होतात. डोक्यात वरून पाडलेलं भोक दिसेल असा फोटो निवडा. त्यावरूनच ती एखाद्या छोट्या टेबलाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असं म्हणतात.

निमंत्रणपत्रिकेवर 'पॉम्पेईची लक्ष्मी' छापलं जाण्याआधी संयोजकांना फोन करा. ते नाव सुरुवातीला पडलं आणि चिकटलं. आता तिला यक्षी म्हणण्याकडे कल आहे. मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला तिच्या नात्यातल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्यात, त्यामुळे "म्हणजे ही आपल्याकडचीच ना?" हा प्रश्न येणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा: तोंडवळा या मूर्तींशी जुळतो, पण तिच्यावर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. टाळ्या मिळतात म्हणून याच्या पुढे जायचं नाही.

थोरला प्लिनी या रोमन लेखकासाठी एक स्लाइड राखून ठेवा. भारत आमच्या साम्राज्याचे दरवर्षी निदान ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी कुरकुर करणारा हाच माणूस, आणि पॉम्पेईजवळचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला आणि किनाऱ्यावर मेला तोही हाच. हकिकत त्याच्या भाच्याने टॅसिटस या इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रांतून कळते. मामा-भाचे दोघेही प्लिनीच, तेव्हा थोरला-धाकटा हा घोळ बोलताना होणार नाही एवढा सराव घरी करा.

स्फोटाचं साल इसवी सन ७९, त्यात वाद नाही. २४ ऑगस्ट ही रूढ तारीख मात्र ठोकून देऊ नका. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली. तिच्यातली तारीख आपल्या हिशेबाने १७ ऑक्टोबर. साल लिहिलेलं नाही, पण कोळशाचं लिखाण फार टिकत नाही, म्हणून स्फोट ऑक्टोबरात झाला असं म्हणणाऱ्यांचं पारडं जड झालंय.

प्लास्टरचे देह एकदाच दाखवा आणि दाखवण्याआधी सांगा. सभागृहात पोरंबाळं असतात. ती दगड झालेली माणसं नव्हेत. देह कुजून राखेत पोकळ्या राहिल्या, त्यांत उत्खननाचा प्रमुख फिओरेल्ली याने १८६३ पासून प्लास्टर ओतायला सुरुवात केली, आणि आत हाडं आहेत. कवटाळलेल्या आई-मुलाची गोष्ट सांगायचा मोह होईल. तो आवरा. २०२४ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात 'आई' समजलेला माणूस पुरुष निघाला, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातंही नाही. मी स्वतः ही गोष्ट कित्येक वर्षं गहिवरून सांगत आलो होतो, हे आता भाषणातच कबूल करतो.

बाकीचं झटपट. पेनड्राइव्ह दोन, शिवाय पीडीएफ, कारण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्टचे चौकोन होतात. एचडीएमआय केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचे. दिवे कोण मालवणार हे आधी ठरवा. एका ठिकाणी बटणांची खोली कुलूपबंद होती आणि अख्खं पॉम्पेई ट्यूबलाइटमध्ये फिकट दिसलं.

आणि हो, पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोन न्या. एक कुणीतरी शाळकरी पोर मागून नेतंच.