केदारकंठाच्या जंगलात उतरताना

उत्तराखंडातल्या सांक्री गावाहून जुडा का तालाब या तळ्याकडे जाणारी वाट पाइन आणि देवदारांतून चढते. सांक्री साडेसहा हजार फुटांच्या आसपास, केदारकंठा शिखराचा माथा साडेबारा हजारांवर. सह्याद्रीत वीस वर्षं भटकल्यावर मला चढाची धास्ती नव्हती. मी पडले ती उतरताना, दुपारी, सावलीतल्या एका वळणावर. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. आणि पडले तेव्हा मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या, सॅकच्या तळाशी होत्या.

आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण भुसभुशीत पडलेला बर्फ वेगळा आणि वाटेवरचा काचेसारखा बर्फ वेगळा. बूट पडून पडून बर्फ दबतो, उन्हात वरचा थर वितळतो, रात्री गोठतो. झाडांच्या सावलीत तो दिवसभर तसाच राहतो. वर मातीचा किंवा पानांचा पातळ थर असेल तर दिसतही नाही.

भुसभुशीत बर्फात उतरताना टाच रोवा, ती धरते. कडक बर्फावर मात्र घसाऱ्यावरची, म्हणजे सुट्या मातीच्या उतारावरची सवय घात करते. आपण मागे रेलतो, टाच आधी टेकवतो आणि पाय पुढे निघून जातो. तिथे मायक्रोस्पाइक्स घालून अख्खा तळवा सपाट टेकवायचा, म्हणजे सगळे दात रुततात. गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, पायांत थोडं अंतर, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात. दातांत बर्फाचा गोळा साचला तर काठीने ठोकून पाडा. आणि स्पाइक्स वळण येण्याआधी, सपाट जागी बसून चढवा. घसरड्या उतारावर एका पायावर उभं राहून ते जमत नाही. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, एवढं माझं ऐकाच.

हात खिशात घालून चालू नका. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक भिजतोच.

कपड्यांत सुती काहीही नको, बनियनसुद्धा. चढताना घाम येतो, थांबलं की तोच अंगावर गार होतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. थांबल्यावर मात्र लगेच जाडं जॅकेट घाला.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. गॉगल ढगाळ हवेतही लावा.

माथ्यासाठी पहाटे तीन-चारला निघतात. तेव्हा बर्फ घट्ट असतो, ऊन चढलं की पाय मांडीपर्यंत जातो. डोकं दुखून उलटी झाली तर वर जायचंच नाही, खाली उतरायचं. स्वर्गारोहिणीची शिखरं तंबूच्या जागेवरूनही दिसली तर बघून घ्या.

परतीला सांक्री दिसू लागते, गप्पा रंगतात, कुणीतरी स्पाइक्स काढतं. शेवटचं सावलीतलं वळण जाईपर्यंत काढू नका.